फ्यूज उडालाय, पण कुठला?

प्रश्न : जुनी मारुती 800 आहे, हॉर्न बंद पडलाय. फ्यूजबॉक्सचं झाकण हरवलंय, त्यामुळे कुठला फ्यूज कशाचा तेच कळत नाही. (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : सगळे फ्यूज उपटून बघायचा मोह आवरा. आधी हॉर्नबरोबर आणखी काय बंद आहे ते पाहा. एकाच फ्यूजवर दोन-तीन कामं असतात, त्यामुळे ब्रेकलाइटही गेला असेल तर शोध तिथंच अर्धा संपतो. मग टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली वाकून बघा. बॉक्स डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला सापडतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरीजवळ, बॉनेटखाली, दुसराही असतो.

चाचणीसाठी फ्यूज काढावा लागत नाही. टेस्ट लॅम्प म्हणजे एका बाजूला वायर-क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा दिवा. त्याची क्लिप बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा, इग्निशन ऑन करा आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन चकचकीत ठिपक्यांना टोक टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठणठणीत. एकाच बाजूला लागला तर तोच उडालेला. कुठेच लागला नाही तर तिथवर करंटच पोचत नाहीये. हॉर्नचा फ्यूज चांगला निघाला, तर हॉर्नची अर्थिंगची (बॉडीला जोडलेली) वायर आणि स्विच बघा.

तक्ता स्वतःच बनवा. आधी मोबाइलवर बॉक्सचा फोटो काढा. मग सगळं बंद करून एकेक फ्यूज काढा, काय काय चालत नाही ते लिहा आणि तो परत बसवूनच पुढच्याला हात लावा. एअरबॅगवाली गाडी असेल तर मात्र हा उद्योग करू नका.

प्रश्न : 10 अँपिअरचा फ्यूज मिळाला नाही, 20 चा टाकला. चालेल ना? (ऐरोली)

उत्तर : नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो. 20 चा टाकलात तर फ्यूजआधी वायर जळू शकते. रंग पाठ करा : 5 बदामी, 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा, 30 हिरवा. रंग उडालेला असेल तर डोक्यावरचा आकडा वाचा. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवायचा जुना जुगाड आता विसरा. तशा एका गाडीची डॅशबोर्डखालची सगळी वायरिंग वितळून एकमेकांना चिकटलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : पावसाळ्यात वायपर मध्येच थांबतो. फ्यूज तर अखंड दिसतो. (नेरुळ)

उत्तर : दिसण्यावर जाऊ नका. काढून त्याचे पाय बघा. खाडीच्या हवेत त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते आणि करंट अडतो. बॅटरीची मायनस वायर सोडा, पाय घासा, खोबणीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग काचेखालच्या जाळीत साचलेली झाडाची पानं काढा. भोकं तुंबली की पाणी वाट काढून डॅशबोर्डखाली उतरतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला लागला तर तेच समजा.

प्रश्न : 100 वॅटचे हेडलाइट बसवले. 15 चा फ्यूज थोड्या वेळाने उडतो. (घोडबंदर रोड)

उत्तर : 55 चे दोन बल्ब 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर घेतात, 100 चे दोन जवळजवळ 17. फ्यूज त्याचं काम चोख करतोय. जुने बल्ब परत लावा.