नाशिकमध्ये जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) काळा धूर सोडते, पेट्रोल फार पिते. दोन एसयू (ब्रिटिश कंपनीचे) कार्ब्युरेटर आहेत. मिश्रण खरंच रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे का, कसं ओळखायचं?

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि कार्ब्युरेटरखालची पिन जेमतेम १ मिमी वर ढकला: आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच, इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. दोन्ही कार्ब्युरेटर वेगवेगळे तपासा. एसयूची ही जुनीच, ठरलेली चाचणी आहे. पिनने कार्ब्युरेटरमधला पिस्टन उचलला की हवा वाढते. इंजिन त्यावर खूश झालं, म्हणजे पेट्रोल जास्तच होतं.

रिच निघालं तरी जेटच्या (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) नटला लगेच पाना लावू नका (सगळे तेच करतात). आधी हे बघा:
- चोक आत ढकलल्यावर जेट पूर्ण वर येतो का? जुन्या एचएस प्रकारच्या एसयूमध्ये चोक जेट खाली ओढतो. केबल अडकली की तो तसाच राहतो.
- फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) ओसंडतंय का? कारण बहुधा पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा फुटका फ्लोट.
- एअर फिल्टर तुंबलाय का?

हे ठीक असेल तरच जेटचा नट वर फिरवा, एका वेळी एक पैलू (नटची एक सपाट बाजू). मात्र ट्यूनिंग मुंबईत झालं असेल, तर सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकच्या विरळ हवेत मिश्रण थोडं रिच होणारच. पण तेवढ्याने काळा धूर येत नाही.