नवऱ्याचे पूर्वज आयर्लंडहून अमेरिकेत आलेले, घरात फक्त एक जुनं बायबल आणि चार पत्रं. मूळ गाव कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण सहा वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरत होते. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचे खापरपणजोबा १८५० च्या सुमारास कॉर्कहून बॉस्टनला आले, त्यापलीकडे काही माहीत नाही, आणि कोणीतरी सांगितलं की आयर्लंडचे सगळे रेकॉर्ड १९२२ साली जळाले तेव्हा नाद सोडा. नाद सोडू नका. माझे मिस्टरही आयरिश वंशाचे, आमच्याकडे तर बायबलही नव्हतं, सासूबाईंच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात एक पत्र, दोन फोटो आणि कोणाकोणाच्या अंत्यविधीला वाटलेली प्रार्थनेची कार्डं. तरी गाव सापडलं.

आधी त्या आगीचं. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर स्फोटात उडालं हे खरं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे त्यात गेले, मृत्युपत्रं गेली, प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच नष्ट केली होती, आणि १८८१, १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईमुळे लगदा करायला दिली, म्हणजे दोष एकट्या आगीचा नाही. आगीआधीच्या जनगणनांपैकी आज पूर्ण मिळते ती १९०१ आणि १९११ ची, फुकट, ऑनलाइन. कॅथलिक चर्चच्या वह्या त्या त्या चर्चमध्येच होत्या म्हणून वाचल्या, १८६४ पासूनची जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी वाचली. तुमचं कुटुंब कॅथलिक असेल तर बरंच काही शिल्लक आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. आयर्लंडमध्ये नुसती काउंटी, म्हणजे जिल्हा, कळून काही होत नाही, तिथे टाउनलँड लागतं, म्हणजे आपली वाडी समजा, सरासरी तीनशे-साडेतीनशे एकरांची, आणि अशी टाउनलँड्स ६० हजारांच्या वर आहेत. नावंही तीच तीच, बॅली म्हणजे वस्ती, नॉक म्हणजे टेकडी, किल म्हणजे बहुतेक वेळा चर्च, त्यामुळे एकाच नावाच्या वाड्या वेगवेगळ्या काउंट्यांमध्ये सापडतात, आपल्याकडे वडगाव नि पिंपळगाव सापडतात तसंच. आणि ते टाउनलँडचं नाव तुम्हाला आयर्लंडच्या कागदात नाही, अमेरिकेतल्या कागदात शोधायचंय. मी नेमकं उलटं केलं, म्हणून सांगते.

आमच्याकडे सगळे म्हणायचे 'आम्ही कॉर्कचे'. सासूबाईंची पणजी १८६० च्या दशकात एकटी आली होती, नाव ब्रिजेट, आडनावही तिकडे ढिगाने सापडणारं. मी कॉर्कच्या नोंदींत घुसले, त्याच नावाची, त्याच वयाची मुलगी सापडली, आईबापाची नावंसुद्धा पटण्यासारखी, मी आठ महिने त्या घराण्याचं झाड रंगवलं, सासूबाईंना फ्रेम करून दिलं. मग एक दिवस ती बाई मला १९०१ च्या जनगणनेत कॉर्कमध्येच नवऱ्याबरोबर नांदताना सापडली! ती कधी कुठे गेलीच नव्हती. फ्रेम भिंतीवरून उतरवली, आणि सासूबाई अजून त्यावरून टोमणे मारतात.

नंतर कळलं की अशी चूक भल्याभल्यांची झालीय. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कला येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची ते बेट, १ जानेवारी १८९२ ला उघडलं तेव्हा पहिली उतरलेली मुलगी ॲनी मूर, काउंटी कॉर्कची, दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली. कितीतरी वर्षं लोक टेक्सासमधल्या एका ॲनी मूरलाच ती समजत होते, आणि २००६ मध्ये उघड झालं की ती टेक्सासवाली इलिनॉयमध्ये जन्मलेली होती, खरी ॲनी तर न्यूयॉर्कमध्येच राहिली आणि तिथेच वारली. तेव्हा नाव आणि वय जुळलं म्हणून नाचू नका. (आणि एलिस आयलंडवर आडनाव बदललं ही गोष्ट घरोघरी सांगतात, तीही खरी नाही, प्रवाशांची यादी जहाज सुटायच्या बंदरात बनायची. तुमचे पूर्वज १८५० चे म्हणजे त्यांचा एलिस आयलंडशी तसाही संबंध नाही.)

मग गाव कुठे सापडलं? ब्रिजेटच्या स्वतःच्या एकूण एक कागदावर जन्मस्थान नुसतं 'आयर्लंड'. पण तिची एक धाकटी बहीण नंतर आली होती, बॉस्टनमध्ये लोकांच्या घरी काम करायची, लग्न केलं नाही, म्हणून घरातल्या कोणी तिची कधी आठवणच काढली नव्हती. डब्यातलं एक कार्ड तिचं होतं. त्यावरच्या तारखेवरून मृत्यूचा दाखला काढला, दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव मिळालं, दफनभूमी कळली, तिथे गेलो तर दगडावर सरळ लिहिलेलं, अमुक पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), काउंटी केरी. केरी! कॉर्क हे फक्त बंदर होतं जिथून त्या बोटीत चढल्या, आता ज्याला कोव्ह म्हणतात ते, तेव्हाचं क्वीन्सटाउन. तुमचं कॉर्कही तसंच निघू शकतं. म्हणून खापरपणजोबांच्या मागे एकट्याच्या लागू नका, त्यांचे भाऊ, बहिणी, मेव्हणे, लग्नातले साक्षीदार, मुलांच्या बाप्तिस्म्यातले गॉडपेरेंट्स म्हणजे धर्माचे आईबाप, सगळ्यांचे कागद काढा. बॉस्टनचं आहे म्हणून अजून एक, तिथल्या 'पायलट' नावाच्या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, 'माझा भाऊ अमुक गावचा, शेवटचा अमुक ठिकाणी होता', त्यात गावापर्यंत माहिती असते आणि बॉस्टन कॉलेजने त्या ऑनलाइन शोधण्याजोग्या केल्यात. न्यूयॉर्कमध्ये कोणी नातेवाईक असेल तर एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या बघा, खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँक त्याचं मूळ गाव, जहाज, आईबाप, भावंडं सगळं लिहून घ्यायची.

तुमच्या बायबलचं आधी मुखपृष्ठाच्या आतलं छपाईचं साल बघा. साल १८७० आणि नोंदी १८४० पासून एकाच शाईत, एकाच अक्षरात असतील तर कोणीतरी नंतर एका बैठकीत आठवून लिहिलंय, तारखांवर फार भरवसा ठेवू नका. पत्रांच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव जसं दिसतं तसं उतरवून घ्या, आपल्या मनाने दुरुस्त करू नका, आणि फोटोच्या मागे स्टुडिओचं गाव छापलेलं असतं तेही बघा.

पॅरिश कळली की काम एकदम सोपं होतं, म्हणजे तसं सोपं नाही पण दार उघडतं. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने कॅथलिक पॅरिशच्या वह्या साधारण १८८० पर्यंतच्या २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकल्या. अक्षर भयाण, शाई उतरलेली आणि बऱ्याच ठिकाणी लॅटिन, जेम्सचा जेकबस, विल्यमचा गुलिएल्मस, ब्रिजेटची ब्रिगिडा. मला आजोबांचे मोडीतले कागद आठवले, पहिले चार दिवस नुसत्या मुंग्या दिसतात, मग हळूहळू हात ओळखीचा होतो. एक ध्यानात ठेवा, कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश वेगळ्या, हद्दी जुळत नाहीत.

नावांवरूनही अंदाज बांधता येतो. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची असा रिवाज बऱ्याच घरांत होता, आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे तसंच. पुरावा म्हणून नाही चालत, पण कुठे बघायचं ते कळतं. वयांवर मात्र अजिबात विश्वास नको. ब्रिजेटचा भाऊ गावीच राहिला होता, तो १९०१ च्या जनगणनेत ५५ चा आणि १९११ ला ७० चा! मधे १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली होती, मग काय, अख्खं आयर्लंड दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारं झालं.

आणि ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन अजिबात सोडू नका. १८४७ ते १८६४ मध्ये कर ठरवायला केलेली जमीनधारकांची यादी, वाडीवार, नकाशासकट, फुकट. बायकापोरांची नावं नसतात, फक्त जमीन ज्याच्याकडे होती तो. आपल्या सातबाऱ्यासारखं धरा, आणि नंतरच्या दुरुस्तीच्या वह्या म्हणजे फेरफार, एक नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने दुसरं घातलेलं, त्यावरून कोण कधी वारला किंवा निघून गेला त्याचा अंदाज येतो. आमच्या ब्रिजेटच्या बापाचं नाव सापडलं तेव्हा मी त्या वाडीतली बाकीची नावंही सहज वाचत होते, अकरा घरं, आणि त्यातली चार आडनावं मला आधीपासून पाठ होती. बॉस्टनमध्ये तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्यांना गॉडपेरेंट म्हणून उभी राहिलेली हीच आडनावं. मी फोन करून सासूबाईंना एकेक वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

डीएनए टेस्ट करायची असेल तर मिस्टरांची नको, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची आधी करा, एकेक पिढी पुढे गेलं की धागा निम्मा होत जातो. आणि बायबलच्या त्या पानाचा आणि पत्रांच्या वरच्या कोपऱ्याचा स्वच्छ फोटो इथे टाकलात तर गावाचं नाव वाचायचा प्रयत्न करते, मुंग्या वाचायची आता सवय झालीय.