मजलिस, रझाकार आणि बेळगावातला पतंग

प्रश्न : बेळगाव महापालिकेत 2021 साली एमआयएमचा (चिन्ह पतंग) एक नगरसेवक निवडून आला. हा रझाकारांचाच पक्ष का? आणि नावातच धर्म असूनही नोंदणी मिळते कशी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाव तेच, पण मध्ये दहा वर्षांचा खंड आहे. मजलिस (पूर्ण नाव मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन, म्हणून एमआयएम) 1927 मध्ये हैदराबादेत निघाली ती धार्मिक-सामाजिक संघटना म्हणून. 1938 पासून बहादूर यार जंग यांनी तिला निजामाच्या सत्तेमागे उभं केलं. ते 1944 ला वारले आणि पुढे सूत्रं आली लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवींच्या हाती. रझाकार हे मजलिसचंच स्वयंसेवक दल; हे नाकारण्यात अर्थ नाही. 1948 मध्ये भारतीय फौजेने निजामाचं राज्य संपवलं; या पोलीस कारवाईनंतर मजलिसवर बंदी आली, रझवी तुरुंगात गेले. 1957 मध्ये पाकिस्तानात जाण्याच्या अटीवर ते सुटले आणि जाताना संघटना अब्दुल वाहिद ओवैसींकडे सोपवून गेले. ओवैसींनी 1958 मध्ये भारतीय राज्यघटना मान्य करून, 'ऑल इंडिया' जोडून ती पुन्हा उभी केली. त्यानंतर कित्येक दशकं पक्ष जुन्या हैदराबादेबाहेर फारसा पडला नाही. 2012 मध्ये नांदेड महापालिकेत 11 जागा मिळाल्या, तेव्हा मराठी मुलुखाने त्याची दखल घेतली.

बेळगाव तर 1956 पर्यंत मुंबई राज्यात. रझाकारांच्या आठवणी बिदर-कलबुर्गीच्या, आपल्या नव्हेत. इथे 58 प्रभागांची निवडणूक 2021 मध्ये पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली. तोवर सामना मराठी-कन्नड असाच असे. पतंगाला वाट मिळाली ती त्यामुळे.

नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ खाली होते. स्थापनेपासून 30 दिवसांत अर्ज करायचा, किमान 100 मतदार सदस्य दाखवायचे आणि पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाहीवर निष्ठा लिहायची. नावात धर्म नको, अशी अट कलमात नाही. एमआयएमची नोंदणी रद्द करण्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली ती याच अंगाने. नोंदणी एकदा झाली की फसवणुकीसारखे मोजके अपवाद सोडता निवडणूक आयोगाला ती काढता येत नाही. म्हणून नावाविरुद्ध आयोगाकडे धाडलेले अर्ज वाया जातात. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराने धर्मावर मतं मागितली, तर मार्ग वेगळा : त्याच कायद्याचं कलम 123(3), निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. 46व्या दिवशी ती कोणी दाखल करून घेत नाही.