परदेशी रोजगार कचेरीत काय पाहावे?

प्रश्न : बडोद्यातील एका न्यासाच्या व्यवसाय मार्गदर्शन केंद्रात मी सात वर्षे समुपदेशक आहे. परस्पर भेटींच्या योजनेतून आम्हा सहा जणांना दहा दिवस जर्मनीस जावयाचे असून हिवाळ्यात तिकडील सहा जण आमच्याकडे येतील. घरातील मंडळी ‘फिरून ये’ म्हणतात. इतक्या थोड्या दिवसांत काय हाती लागेल, अशी शंका मलाही येते. तेथे काय पाहावे आणि पाहुण्यांना येथे काय दाखवावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दहा दिवस थोडे नाहीत. युरोपातील शिक्षक व मार्गदर्शक यांच्या ज्या अभ्यासभेटींचे संयोजन २००८ ते २०१३ या काळात सेडेफॉप ही युरोपीय संघाची व्यवसाय शिक्षणविषयक संस्था करीत असे, त्या सहसा तीन ते पाच दिवसांच्याच असत. शिवाय या विषयात जर्मनीची वाट जुनी आहे. ब्रिटिश समाजसुधारक विल्यम बेव्हरिज १९०७ मध्ये तेथील रोजगार कचेऱ्या पाहून आले, १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला आणि पुढच्याच फेब्रुवारीत तेथील पहिल्या कचेऱ्या उघडल्या. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली आपल्याकडे सुरू झालेली रोजगार सेवाही त्याच वळणाची होती.

काय पाहावे, याचा धडा मात्र बडोद्यातच सापडेल. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि इमारतींचे कौतुक करून न थांबता १९१० मध्ये विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालालाच येथे आणून स्थानिक माणसे त्यांच्या हाताखाली तयार करविली. आपण कोणाला आणू शकणार नाही हे खरे, पण टेबलाच्या पलीकडचे काम कसे चालते हे पाहण्याची दृष्टी तरी तीच ठेवावी.

जर्मनीच्या रोजगार सेवेचे मुख्यालय न्युरेंबर्ग येथे आहे. तेथे नेले तर आलेख आणि कॉफी यांत अर्धा दिवस जाईल, तो जाऊ द्यावा. मात्र एखाद्या स्थानिक कचेरीत समुपदेशकाशेजारी निदान एक सकाळ बसण्याची परवानगी निघण्यापूर्वीच पत्राने मागून ठेवावी. तेथील व्यवसाय माहिती केंद्रात शाळेचे वर्ग येतात तसा एकटा मुलगाही वेळ न ठरवता येऊन बसू शकतो. तो आत आल्यावर त्याच्याशी प्रथम कोण बोलते, हे पाहावे. शिकाऊ उमेदवार आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात व उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो, हे आपण वाचलेच असेल. वाचून कळत नाही ते एवढेच की वर्षभरात त्याचे मन उडाले तर करार कसा मोडतो आणि त्यानंतर त्याला कोण हाताशी धरते. हे एखाद्या उमेदवारालाच विचारावे, अधिकाऱ्याला नव्हे. तेथे मार्गदर्शन करणे हे कायद्यानेच त्या कचेरीचे कर्तव्य आहे. आपल्याकडे ते बहुतांशी एखाद्या शिक्षकाच्या किंवा न्यासाच्या हौसेवर चालते. हा फरक ध्यानात न घेता केवळ तेथील तक्ते आणून भिंतीवर लावले, तर भिंत तेवढी सजेल.

पाहुण्यांविषयी एक अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका रोजगार कचेरीत असताना परदेशी मंडळी येणार म्हणून नोंदणीची रांग मागच्या व्हरांड्यात हलविली होती. त्यांतील एक बाई नेमक्या तिकडेच गेल्या. फिटरचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले, तेव्हा कळले की तो दोन वर्षे एका लेथवर कामाला होता आणि सरकारी नोकरीच्या आशेने नोंदणी कार्डाचे नूतनीकरण करण्यास आला होता. आमच्या नोंदवहीत तो नोकरी शोधणारा होता. सध्या काय करतोस, हे आमच्यापैकी कोणीच त्याला विचारले नव्हते. मलाही ते सुचले नव्हते, याची लाज अजून वाटते.

म्हणून रांग लपवू नये. रिक्त पदे कळविणे बंधनकारक करणारा आपला कायदा कचेरीमार्फतच माणूस नेमण्याची सक्ती मालकावर करीत नाही, हे पाहुण्यांना आरंभीच सांगावे; म्हणजे कार्डाने नोकरी का मिळत नाही हा त्यांचा पहिला प्रश्न सुटेल. लक्ष्मी विलास राजवाडा एका सकाळीत उरकावा. तरसालीच्या आयटीआयमधील एखादा तास, मकरपुऱ्यातील दहा-बारा कामगारांचे वर्कशॉप आणि शक्य असल्यास आपल्या केंद्रातील पालकांची बैठक दाखवावी. ‘मुलाला सायन्सच घ्यायचे आहे’ असे आई सांगते आणि मुलगा खाली मान घालून बसतो, तो प्रसंग भाषांतर न करताही त्यांना कळेल.

प्रश्न : अशा भेटीवर स्वतःहून जाता येते का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : बहुधा संस्थेमार्फतच. रोटरीने १९६५ पासून तरुण व्यावसायिकांचे गट परदेशी पाठविण्याची योजना अनेक वर्षे चालविली. ती आता बंद असून तिच्या जागी व्यवसाय प्रशिक्षण गट पाठविले जातात. जवळच्या क्लबात चौकशी करावी. परदेशगमनाचा योग नसेल, तर आपल्या सरकारच्या १९६४ पासून चालू असलेल्या आयटेक योजनेखाली इतर देशांचे अधिकारी भारतातच शिकावयास येतात, हेही लक्षात असू द्यावे. त्यांच्याशी तासभर बोलण्यास पासपोर्ट लागत नाही.