नीटचा तिसरा अटेम्प्ट आणि आजीच्या नाडीची वही

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नीटला दोनदा बसली, स्कोअर कमी पडला, तिला योगाने हृदयावर आणि नर्व्हस सिस्टिमवर काय होतं ते मोजायला शिकायचंय, आणि तुमचं म्हणणं आधी एमबीबीएस, मग काय ते छंद. मार्कांचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते "आम्ही यंदा परत नीट देणार" हे वाक्य. आम्ही म्हणजे कोण हो? पेपरला ती एकटी बसते, रडतेही एकटीच.

आणि तुम्ही तक्रार केलीय की अभ्यास सोडून ती रोज सकाळी आजीच्या अनुलोम-विलोमच्या आधी आणि नंतर नाडी मोजते, वहीत लिहिते, शेजारी "चहा झाला का" असा कॉलम. अहो, तो चहाचा कॉलम तिला कुणी शिकवला? ठोके चहाने वाढले की योगाने कमी झाले हे वेगळं काढायला हवं, हे पोरीला आपलं आपण सुचलंय, आणि तुम्ही त्याला टाइमपास म्हणताय!

"हातात ठोके मोजणारा बँड घातला की सगळं कळतं, त्यात शिकायचं काय" हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, श्वास घेताना कमी, सोडताना जास्त, त्यावरून व्हेगस नर्व्हच्या, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाऊन ठोके मंदावणाऱ्या नसेच्या, कामाचा अंदाज बांधतात. पण मिनिटाला ६ श्वास घेतले की हीच लय ०.१ हर्ट्झला, म्हणजे दहा सेकंदांत एकदा, येते, ठोक्यांच्या बदलांच्या 'लो फ्रिक्वेन्सी' म्हणजे संथ लयीच्या पट्ट्यात, ज्याला बरेच जण ताणाची खूण मानतात, आणि तो आकडा वाढला म्हणून लोक सरळ स्ट्रेस वाढला असं लिहून मोकळे होतात, माणूस निवांत बसलेला असतो, फक्त श्वास संथ झालेला असतो. म्हणून ईसीजीबरोबर श्वासही नोंदवावा लागतो. हे शिकायला वर्षं जातात.

रस्ते आहेत: एमबीबीएसनंतर एमडी फिजिऑलॉजी (शरीराचं काम कसं चालतं त्याचं शास्त्र), बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगाची पदवी), बायोमेडिकल इंजिनिअरिंग, नाहीतर लाइफ सायन्समध्ये बीएस्सी-एमएस्सी करून पीएचडी. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम ही योगाची संस्था काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासणारे स्वामी कुवलयानंद डॉक्टर नव्हते, संस्कृत शिकलेले होते.

तिसऱ्या अटेम्प्टची क्लासची फी भरायच्या आधी तिला एकदा लोणावळ्याला घेऊन जा, तिथलं काम बघू दे. येताना गाडीत तुम्ही कमी बोला. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, वहीच्या दोन-चार पानांचे फोटो जोडून.