सात नंबरचा चॅनल

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू घ्यायचा म्हणतोस त्या जुन्या कन्सोलच्या, म्हणजे स्टुडिओत आवाज मिसळायच्या टेबलाच्या, मोजमापांचा कागद मिळाला. खाली तू लिहिलंयस, 'आकडे बेताचे, आवाज मात्र वेड लावणारा. कोणाचं ऐकू?' दोघांचं ऐक, पण दोघांना एकच प्रश्न विचारू नकोस.

कागदावर डिस्टॉर्शनचा, म्हणजे सिग्नल किती बिघडतो त्याचा, एकच आकडा आहे, तोही १ किलोहर्ट्झचा. नीव्ह १०७३ हे माइकचा सिग्नल वाढवणारं १९७०चं मॉड्यूल उदाहरणाला घे. त्याच्या इनपुटला ट्रान्सफॉर्मर, आउटपुटलाही ट्रान्सफॉर्मर. अशा यंत्राबद्दल तो आकडा फारसं बोलतच नाही. लेव्हल तीच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. म्हणजे गाभा सॅच्युरेट व्हायला (त्याला आणखी चुंबकत्व झेपेनासं व्हायला) लागतो तो खाली, बेस गिटार आणि किकच्या पट्ट्यात, आणि तेही लेव्हल चढवली की. तुला जी 'जाडी' ऐकू आली ती बहुधा तिथली. ५० हर्ट्झला, आधी +४ आणि मग +२० डीबीयूवर, म्हणजे नेहमीच्या आणि मग चढ्या लेव्हलला, मोजून बघ. कागद आणि कान एकमेकांशी बोलायला लागतील.

आता कानांची बाजू. उमेदवारीच्या काळात एका डेस्कच्या, म्हणजे कन्सोलच्याच, सात नंबरच्या चॅनलवर माझा भारी जीव होता. गायकाचा माइक तिथेच लावायचा, हा माझा हट्ट. 'आवाज मोकळा येतो' म्हणायचो. एका रिकाम्या दुपारी सहज स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) लावला, तर ५० हर्ट्झला सातवा ४ डीबी खाली! कपलिंगचा, म्हणजे सिग्नल पुढच्या टप्प्यात सोडणारा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळला होता. ज्याला मी डिझाइनरचं कसब समजत होतो, ते दुखणं निघालं. कपॅसिटर बदलला, सातवा चारचौघांसारखा झाला आणि खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं. गायकाचा खालचा पट्टा मी आजही कापतो, फक्त आता हाय-पासचं बटण दाबून.

आणखी एक फसवणूक आहे, ती आपणच आपली करतो. दोन चॅनलमध्ये अर्ध्या डीबीचा फरक असला तरी तो 'मोठा' असा जाणवत नाही, 'चांगला' असा जाणवतो. तू दोन कन्सोल ऐकलेस तेव्हा लेव्हल मीटरवर ०.१ डीबीपर्यंत जुळवली होतीस का? नसशील, तर पत्रातली ती विशेषणं तूर्त बाजूला ठेव. जुळवून, कुठला कुठला आहे हे न बघता, पुन्हा ऐक.

नॉइज मात्र मोजूनच ठरव. व्हर्च्युअल अर्थ पद्धतीने, म्हणजे सगळ्या चॅनलची एकाच अँपच्या इनपुटवर बेरीज करून, मिक्स करणाऱ्या कन्सोलमध्ये २४ चॅनल बसला (त्या सामाईक तारेला) जोडले की समिंग अँपचा, म्हणजे त्या बेरजेच्या अँपचा, स्वतःचा नॉइज सुमारे २८ डीबीने वाढतो, फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके) खाली असले तरी. बसला एकच चॅनल जोडून ऐकवणाऱ्याच्या खोलीत हे कळणार नाही.

डिझाइन कुठलं आणि दुखणं कुठलं, हे चॅनल एकमेकांशी ताडून कळतं. एकटाच वेगळा वागत असेल तर तो आजारी. सगळे सारखेच वागत असतील तर बहुधा तो स्वभाव. बहुधा एवढ्यासाठी म्हणतो, की एका वयाचे कपॅसिटर एकदमच वाळू शकतात. म्हणून सौद्याआधी मालकाला एकाच चॅनलचे कपॅसिटर बदलू दे का विचार. बाकीचे तेवीस तसेच राहू देत. मग दोन्ही मोज, दोन्ही ऐक आणि मला लिही.

तुझा,
जुना उस्ताद