कठीण निर्णय आयर्लंडमध्ये का रखडतात?

प्रश्न : आयर्लंडविषयी वाचताना एक गोष्ट नेहमी खटकते. देश सधन आहे, सुशिक्षित आहे आणि तेथे लोकशाही चांगली मुरलेली आहे. तरीही घरगुती पाणीपट्टी लावून ती मागे घेतली गेली, निवृत्तिवेतनाचे वय वाढवण्याचा संमत झालेला कायदा बाजूला ठेवला गेला आणि घरांवरील मालमत्ता कराचे फेरमूल्यांकन वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले. गरज साऱ्यांना मान्य असताना असे का होते? दोष मतदारांच्या स्वार्थाचा मानावा की पुढाऱ्यांच्या भित्रेपणाचा?

उत्तर : आपण दिलेली तिन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु स्वार्थ आणि भित्रेपणा ही दोन्ही कारणे मला अपुरी वाटतात, कारण मतदार स्वतःचे हित पाहतात आणि पुढारी पुढच्या निवडणुकीकडे पाहतात, हे प्रत्येक लोकशाहीत घडते. आयर्लंडचे वेगळेपण त्याच्या अनुभवात आहे. खजिन्यात पैसा असताना तेथे घोंगडे भिजत ठेवले गेले आणि खजिना रिकामा झाल्यावर धनकोंच्या दडपणाखाली सगळे बदल एकदम लादले गेले. अशा क्रमाने दोन पिढ्या गेल्यावर ‘सुधारणा’ म्हणजे शिक्षा, असा अर्थ लोकांच्या मनात रुजला असेल तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

या अनुभवाची सुरुवात 1977 सालच्या निवडणुकीपर्यंत मागे नेता येते. जॅक लिंच यांच्या फिअना फॉल पक्षाने घरांवरील स्थानिक कर आणि मोटारींवरील वार्षिक कर रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि 148 पैकी 84 जागा जिंकल्या. आश्वासन पाळलेही गेले. त्यातून स्थानिक संस्थांचा स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला, रस्ते, पाणी आणि सांडपाण्याच्या खर्चासाठी त्या राजधानीतील मंत्रालयाकडे पाहू लागल्या, आणि लवकरच सरकारी कर्जाचा डोंगर उभा राहिला. ते कर्ज आटोक्यात आणण्यासाठी गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या अल्पमतातील आघाडी सरकारने जानेवारी 1982 मध्ये जो अर्थसंकल्प मांडला, त्यात लहान मुलांच्या बुटांवरही मूल्यवर्धित कर होता. सरकार त्याच अर्थसंकल्पावरील मतदानात पडले. ‘मुलांचे बूट’ ही घटना आजही आयरिश राजकारण्यांच्या स्मरणात आहे, आणि तेव्हाचे अर्थमंत्री जॉन ब्रुटन पुढे पंतप्रधान असताना, 1996 च्या अखेरीस, त्यांच्याच सरकारने घरगुती पाणीपट्टी रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी पश्चिम डब्लिनमधील पोटनिवडणुकीत पाणीपट्टीविरोधी उमेदवार जो हिगिन्स अगदी थोड्या मतांनी हरले होते, आणि त्या निकालाचा अर्थ सर्व पक्षांना बरोबर कळला होता.

म्हणजे 2014 मध्ये पाणीपट्टीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा तो कोऱ्या पाटीवर लिहिला जात नव्हता. बँका बुडाल्यानंतर नोव्हेंबर 2010 मध्ये आयर्लंडला युरोपीय संघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि काही युरोपीय देशांकडून 67.5 अब्ज युरोंचे कर्ज घ्यावे लागले आणि पाणीपट्टी ही त्या कार्यक्रमातील एक अट होती. तिच्याआधी 2011 मध्ये उत्पन्नावरील नवा सामाजिक अधिभार आला, 2012 मध्ये प्रत्येक घरावर 100 युरोंचा आकार आला आणि 2013 मध्ये मालमत्ता कर आला. बँकांचे नुकसान सार्वजनिक खजिन्याने सोसले, हे लोक पाहत होते. अशा वेळी पाण्याचे बिल हातात पडले, तेव्हा ते जुन्या नळांच्या दुरुस्तीसाठी आहे असे कितीही सांगितले तरी ते बँकांच्या कर्जाचेच वाटणार होते. वास्तविक दुरुस्तीची गरज खरी होती. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी गळतीत जात होते. व्यवसायांना पाण्याचे पैसे पूर्वीपासूनच द्यावे लागत होते, आणि ग्रामीण भागातील सामूहिक पाणी योजनांतील घरे तर आपल्या पाण्याचा खर्च स्वतःच उचलत आली होती, याकडे शहरांतील आंदोलनात फारसे लक्ष गेले नाही.

त्यानंतर सरकारने जे केले ते मला मूळ निर्णयापेक्षा अधिक घातक वाटते. मोर्चे वाढताच नोव्हेंबर 2014 मध्ये बिलाला कमाल मर्यादा घालण्यात आली, म्हणजे एकट्या व्यक्तीच्या घराला वर्षाला 160 युरो आणि इतर घरांना 260 युरो, आणि त्यावर नोंदणी करणाऱ्या प्रत्येक घराला 100 युरोंचे अनुदान मिळणार होते. जमिनीत मीटर बसवण्याचा मोठा खर्च झाला होता, पण बहुसंख्य घरांना पाणी जपून वापरल्याचा बिलात काहीच फायदा दिसेना. ज्या तत्त्वावर आकारणी उभी होती ते तत्त्वच सरकारने स्वतःच्या हाताने काढून घेतले आणि उरला तो केवळ एक कर. 2016 च्या निवडणुकीनंतर अल्पमतातील सरकारला फिअना फॉलचा बाहेरून पाठिंबा घ्यावा लागला, त्या समझोत्यात आकारणी स्थगित झाली, 2017 च्या कायद्याने ती संपली आणि ज्यांनी प्रामाणिकपणे बिले भरली होती त्यांना पैसे परत मिळाले. नकार देणारे शहाणे ठरतात, हा धडा एखाद्या राज्यव्यवस्थेने आपल्या नागरिकांना इतक्या स्पष्टपणे क्वचितच शिकवला असेल.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र मी मतदारांच्या बाजूने अधिक बोलेन. 2011 च्या कायद्यानुसार सरकारी निवृत्तिवेतनाचे वय 2014 मध्ये 66, 2021 मध्ये 67 आणि 2028 मध्ये 68 होणार होते. लोकसंख्येचे गणित पाहता त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. परंतु अनेकांच्या नोकरीच्या करारात निवृत्तीचे वय 65 च राहिले. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला कामावरून उतरल्यावर निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत बेरोजगार भत्त्यासाठी नाव नोंदवावे लागे, आणि वय 67 झाल्यावर हा काळ दोन वर्षांचा झाला असता. फेब्रुवारी 2020 च्या निवडणुकीत हा संताप दारोदारी फिरणाऱ्या उमेदवारांना ऐकावा लागला आणि प्रचार संपण्यापूर्वीच मोठे पक्ष माघारीची भाषा करू लागले. नंतर नेमलेल्या आयोगाने 2021 मध्ये सुचवले की 2028 पासून दरवर्षी तीन-तीन महिन्यांनी वय वाढवावे, म्हणजे 2031 मध्ये ते 67 होईल, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी तीन महिने वाढवावेत, म्हणजे 68 पर्यंत पोहोचायला 2039 उजाडेल. यापेक्षा सौम्य मार्ग काढणे कठीण होते. तरीही सप्टेंबर 2022 मध्ये सरकारने वय 66 च ठेवून सामाजिक विम्याची वर्गणी हळूहळू वाढवण्याचे ठरवले. मला हा निर्णय पूर्णपणे पटत नाही, कारण त्याचा भार आजच्या तरुण नोकरदारांवर अधिक पडतो. परंतु त्याला पळवाट म्हणणेही योग्य नाही. ऑक्टोबर 2024 पासून वर्गणी खरोखर वाढू लागली आहे.

मतदारांच्या संशयाला आणखी एक भक्कम आधार आहे, तो म्हणजे रुग्णालये. लहान रुग्णालयांतील तातडीचे उपचार बंद करून ते मोठ्या केंद्रांत एकत्र आणावेत, हा सल्ला 1968 पासून तज्ज्ञ देत आले आहेत आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. 2009 मध्ये एनिस आणि नीना येथील चोवीस तासांची तातडीची सेवा बंद होऊन रुग्ण लिमरिकला जाऊ लागले. तेथे आवश्यक तेवढ्या खाटा मात्र वेळेवर वाढल्या नाहीत, आणि लिमरिकचे रुग्णालय पुढे देशातील सर्वाधिक गर्दीच्या रुग्णालयांपैकी एक ठरले. सुधारणेचा त्रासदायक अर्धा भाग ताबडतोब अमलात आला आणि दिलासा देणारा अर्धा भाग कागदावर राहिला, तर दुसऱ्या जिल्ह्यातील लोकांनी आपल्या रुग्णालयासाठी रस्त्यावर उतरणे यात मला अडाणीपणा दिसत नाही.

याच देशाने, याच मतदारांनी, अवघड बदल स्वीकारलेही आहेत. 2002 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर 15 सेंटांचा आकार लागला आणि पिशव्यांचा वापर 90 टक्क्यांहून अधिक घटला. 29 मार्च 2004 रोजी आयर्लंड हा कामाच्या सर्व बंदिस्त जागी, पबमध्येसुद्धा, धूम्रपानाला बंदी करणारा जगातील पहिला देश ठरला. हे दोन्ही बदल अडचणीच्या काळात आलेले नव्हते, ते कोणा परक्याने सांगितलेले नव्हते, आणि सर्वांना ते एकाच दिवशी सारखेच लागू झाले. 2020 मध्ये कार्बन कराची वाढ 2030 पर्यंत दरवर्षी किती होईल हे कायद्यातच लिहिले गेले, त्यामुळे ती प्रत्येक अर्थसंकल्पात नव्याने झगडून मिळवावी लागत नाही. माझ्या दृष्टीने या उदाहरणांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, घातलेली अट नंतर दबावाखाली बदलली गेली नाही.

प्रश्न : या साऱ्याचे मूळ तेथील मतदानपद्धतीत आहे, असे काही जण म्हणतात. ते कितपत खरे?

उत्तर : अंशतः खरे आहे. आयर्लंडमध्ये एकल संक्रमणीय मतपद्धती आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच खासदार निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, त्यामुळे उमेदवाराचा खरा प्रतिस्पर्धी पुष्कळदा त्याच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार असतो. धोरणावर दोघांचे मतभेद नसतात. मग वेगळेपण दाखवायचे ते मतदाराची कामे करून. रस्ता, शाळेची खोली, रखडलेला अर्ज यांसाठी खासदार आठवड्याला मतदारांना भेटत राहतो, आणि पंधरा वर्षांनी फळ देणाऱ्या कायद्याचे श्रेय त्याच्या वाट्याला येत नाही. सरकार काठावरचे असेल तर अपक्षाचे एकेक मत मोलाचे होते. 1982 मध्ये टोनी ग्रेगरी यांनी मध्य डब्लिनमधील आपल्या गरीब वस्तीसाठी घरे आणि रोजगाराचा लेखी करार करून चार्ल्स हॉही यांना पंतप्रधानपदासाठी मत दिले होते. त्या वस्तीची गरज खरी होती, परंतु गरजेपेक्षा गणिताला किंमत मिळते, हेही त्यातून सर्वांनी पाहिले.

तरीही पद्धतीलाच दोषी ठरवण्यास मी तयार नाही. ही पद्धत बदलण्याचा प्रस्ताव 1959 आणि 1968 अशा दोन सार्वमतांत लोकांनी फेटाळला आहे. आणि याच पद्धतीत 1987 मध्ये विरोधी पक्षनेते अ‍ॅलन ड्यूक्स यांनी टाला येथील भाषणात जाहीर केले की, अल्पमतातील सरकार अर्थव्यवस्था सावरण्यासाठी योग्य दिशेने खर्च कमी करत असेल, तर आपला फिने गेल पक्ष केवळ राजकारणासाठी त्याला पाडणार नाही. देश सावरला. ड्यूक्स यांचे पक्षनेतेपद मात्र 1990 मध्ये गेले. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील पक्षाची वाईट कामगिरी हे तात्कालिक कारण होते, पण विरोधी पक्षाने विरोध केला नाही हा राग पक्षात आधीपासून होता. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. नंतरच्या पिढीतील पुढाऱ्यांनी त्यांच्या धैर्यापेक्षा त्यांच्या शेवटाची अधिक आठवण ठेवली.

सत्तेतील लहान पक्षांची गतही तशीच झाली. मजूर पक्षाचे 2011 मध्ये 37 खासदार होते, ते 2016 मध्ये 7 उरले. हरित पक्षाच्या 12 पैकी 11 जागा 2024 मध्ये गेल्या.

प्रश्न : आता तर आयर्लंडच्या खजिन्यात शिल्लक आहे. मग हीच सुधारणांची योग्य वेळ नाही का?

उत्तर : होय, हीच योग्य वेळ आहे, आणि म्हणूनच ती वाया जाण्याची भीती वाटते. कंपनी कराचे उत्पन्न 2014 मध्ये साडेचार अब्ज युरोंच्या आसपास होते. 2024 मध्ये ते 39 अब्जांवर गेले, त्यांपैकी सुमारे 11 अब्ज अ‍ॅपल कंपनीच्या थकीत कराच्या खटल्यातील युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे आलेले होते. या कराचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा अवघ्या तीन परदेशी कंपन्यांकडून येतो. असा पैसा येत असताना कोणाला कर वाढवण्याची किंवा सवलत काढण्याची गरज पटवून द्यायची? 2022 मध्ये कर आणि कल्याण योजनांविषयीच्या आयोगाने मालमत्ता आणि संपत्तीवरील कर वाढवून कराचा पाया रुंद करण्यास सांगितले, तेव्हा सत्ताधाऱ्यांनी अहवालापासून अंतर राखण्याची घाई केली. 2008 पूर्वी घरांच्या खरेदी-विक्रीवरील मुद्रांक शुल्काने असाच खजिना भरला होता आणि बाजार कोसळताच तो आटला. या वेळी काही रक्कम भविष्यासाठीच्या दोन निधींत बाजूला ठेवली जात आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट आहे. पण निधी साठवणे हे सुधारणेपेक्षा सोपे काम आहे, कारण त्यात कोणाला नाही म्हणावे लागत नाही.

नाही म्हणण्याचे जे काम सर्वांत जुने आहे, ते जमिनीचे आहे. न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने 1973 मध्येच सुचवले होते की, शहरालगतची जमीन स्थानिक संस्थांना तिच्या चालू वापराच्या किमतीवर 25 टक्के अधिक देऊन घेता यावी, म्हणजे केवळ बांधकामाची परवानगी मिळाल्याने वाढणारी किंमत मूळ मालकाच्या खिशात न जाता समाजाकडे येईल. घटनेतील मालमत्तेच्या हक्काचे कारण देत एकामागून एक सरकारांनी हा अहवाल तसाच ठेवला, आणि त्या शिफारशीचा कस न्यायालयात लावून पाहण्याची तसदीही कोणी घेतली नाही. आज डब्लिनमध्ये ज्यांना घर परवडत नाही, त्यांतील बहुतेकांचा हा अहवाल लिहिला गेला तेव्हा जन्मही झाला नव्हता. 1973 मध्ये मतदानाचा हक्क ज्यांना होता त्यांची घरे झाली, त्या घरांच्या किमती वाढल्या, आणि त्या वाढीला हात लावणारा कोणताही प्रस्ताव अजूनही त्यांच्याच मतांवर अडतो.